अप्पांसाठी कुलूप

चौकात औषधांच्या दुकानाच्या भिंतीला चिकटून एक टपरी होती. एक माणूस, एक यंत्र आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, एवढंच तिच्यात मावायचं. गिऱ्हाईकाला उन्हातच उभं राहावं लागे. टपरीत बसणाऱ्या बाईला सगळे किल्लीताई म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव तिलाही होतं, पण ते आता फक्त बँकेला माहीत होतं. पन्नाशी उलटलेली, अंगानं किडकिडीत, तोंडानं फटकळ. कुणी किल्ली हरवून धापा टाकत आलं की आधी त्याला चार शब्द सुनवायची आणि मग हत्यारांची पिशवी खांद्याला मारून त्याच्याबरोबर निघायची. दार उघडून दिलं की म्हणायची, "आता दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. शेजाऱ्यांशी भांडण असेल तर आधी ते मिटवा."

धंदा बापाचा. अप्पांनी तो थोरल्या मुलासाठी राखून ठेवला होता. पण मुलगा हुशार निघाला, खूप शिकला आणि हुशार मुलं करतात तेच त्यानं केलं, म्हणजे दूर निघून गेला. उरली ही. हिला शिकवायचं असं अप्पांनी कधी ठरवलं नव्हतं. ती समोर बसून टकामका बघत राहायची म्हणून एक दिवस त्यांनी तिच्या हातात कानस दिली, एवढंच. कोरी किल्ली मेणबत्तीच्या काजळीत धरायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची, बाहेर काढून उजेडात बघायची. जिथली काजळी पुसली गेली असेल तिथे कुलपाच्या आतली पट्टी, म्हणजे लिव्हर, अडतोय, म्हणून तिथे घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा फिरवणं. "घाई केलीस तर किल्ली वाया जाईल, जोर केलास तर कुलूप," असं अप्पा म्हणत. त्यांना एक शब्द मात्र उच्चारता येत नसे, तो म्हणजे "चांगलं". किल्ली बिघडली की ते ती भंगाराच्या डब्यात भिरकावत. जमली की काही न बोलता गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवत. किल्लीताईनं आयुष्यभर त्या न बोलण्यावरच गुजराण केली.

तिच्या लग्नाचं बघू बघू म्हणता राहून गेलं. मग आई गेली आणि घरात हे दोघंच उरले. लग्न राहिल्याचं तिला फार दुःख होतं असं नाही. बापाच्या शेजारी बसून काम करायला तिला आवडायचं, आणि ही गोष्ट ती कुणाजवळ कबूल करत नसे.

अप्पांचा दंडक एकच होता. घराचा मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला बोट लावायचं नाही. मग घरात दूध उतू जात असो, नाहीतर बाई गयावया करत असो. ते म्हणत, "आपल्याला सगळ्यांची दारं उघडता येतात, हे लोकांना माहीत असतं. तरी ते निवांत झोपतात. का झोपतात, त्याचा विचार कर."

हे सगळं त्यांच्या डोक्यातून हळूहळू निसटत गेलं. आधी नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही ते जायला लागलं. अप्पांनी घासलेल्या किल्ल्या गिऱ्हाईकं परत आणून आपटायला लागली. तेव्हा किल्लीताई त्यांची प्रत्येक किल्ली त्यांच्या नकळत पुन्हा घासून द्यायची. अप्पा तिच्याकडे पाठ करून बसलेले असत आणि ती मान खाली घालून बापाच्या चुका निस्तरत असे. पुढे ते भर रहदारीत टपरीतून उठून चालायला लागले. ती यंत्रावर वाकलेली असताना एकदा ते थेट बसच्या समोर जाऊन उभे राहिले. तेव्हापासून त्यांना घरी ठेवणं भाग पडलं.

गंमत अशी की डोकं गेलं तरी हात गेले नव्हते. नवी किल्ली घासायला डोकं लागतं, पण कुलूप उघडणं त्यांच्या बोटांत मुरलेलं होतं. सांभाळायला एक बाई ठेवून पाहिली. तिच्या पर्सचा खटका नीट लागत नव्हता; अप्पांनी तो न सांगता दुरुस्त केला, आतलं सगळं सामान पलंगावर नीट मांडून. बाई त्याच संध्याकाळी काम सोडून गेली.

मग एके दुपारी ते घराबाहेर पडले आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका बंद घराचं दार त्यांनी उघडलं. घरातलं नवराबायकोचं जोडपं कामावरून परतलं तेव्हा दार सताड उघडं, आणि अप्पा दिवाणखान्यात जमिनीवर बसून, वर्तमानपत्रावर कुलपाचे भाग मांडून, एकेकाला तेल लावत होते. बाईंनी किंकाळी फोडली. अप्पा मान वर करून म्हणाले, "किती गंजलं होतं हो आतून! बरं झालं वेळेवर बोलावलंत." पोलीस आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. जाताना मात्र किल्लीताईला बाजूला घेऊन म्हणाला, "पुढच्या वेळी मला हसता येणार नाही, ताई."

तिच्या इमारतीचे सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी घरी आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस फार सभ्य बोलतो. "वडिलांची काहीतरी सोय करा. पुन्हा असं झालं तर तक्रार द्यावीच लागेल आम्हाला. मग त्यांना कुठे ठेवायचं ते तुमच्या हातात राहणार नाही." तिकडे चौकात लोकांनी घराची कुलपं बदलायला घेतली होती, आणि ती बदलून घ्यायला ते दुसरीकडे जात होते.

भावाचा फोन आला. तो म्हणाला, "हल्ली चांगल्या संस्था असतात गं. स्वच्छ. डॉक्टर असतात."

"तू बघितलीस का एखादी?"

"फोटो बघितले."

तिनं मात्र एक जाऊन बघितली. होती खरंच स्वच्छ. पलंगांची रांग होती, आणि एका पलंगावर अप्पांच्याच वयाचा एक माणूस होता. त्याचं मनगट मऊ पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलेलं होतं. पट्टी मऊ होती हे तिथल्या बाईनं तिला दोनदा सांगितलं. किल्लीताई बाहेर येऊन फाटकाशी उभी राहिली. अप्पांना इथे आणायचं नाही, एवढं तिचं ठरलं. म्हणजे अप्पा घराबाहेर पडता कामा नयेत. आणि पोट तर टपरीवर होतं.

तळमजल्यावरच्या त्यांच्या घराला गल्लीकडे उघडणाऱ्या लाकडी दारापुढे लोखंडी जाळीचं दार होतं. लाकडी दार उघडं टाकून जाळीला बाहेरून कुलूप लावलं, की आत उजेड यायचा, आणि समोरच्या काकूंना येता-जाता अप्पांवर लक्ष ठेवता यायचं. पहिल्या दिवशी किल्लीताईनं बाजारातलं बरं कुलूप लावलं. ती चौकात पोचून टपरी उघडते न उघडते तोच काकूंचा फोन, "अगं, तुझे अप्पा गल्लीत उन्हात बसलेत!" जाळीतून हात घालून, केसांच्या पिनेनं कुलूप उघडून. दुसऱ्या दिवशी भारी कुलूप आणलं. ते चष्म्याच्या काडीनं उघडलं. पिना, काड्या, चमचे सगळं उचलून ठेवलं तर त्यांनी पलंगाखालची कुठलीशी तार काढली. आणि कारागीर इतका शिस्तीचा, की बाहेर पडल्यावर प्रत्येक वेळी कुलूप पुन्हा लावून जायचा. ती धावत घरी यावी तर जाळीला कुलूप जसंच्या तसं, आणि आत चिटपाखरू नाही. काकू हसून हसून बेजार व्हायच्या. किल्लीताईलाही हसू यायचं, पण गल्ली पालथी घालताना ती आधी बसच्या रस्त्याकडे धावायची.

शेवटी तिनं ठरवलं, की कुलूप आपणच करायचं. अप्पांना उघडता येणार नाही असं.

तिनं एका जुन्या दणकट कुलपाचं पोट मोकळं केलं आणि आतले लिव्हर नव्यानं कापले. प्रत्येकाला खोट्या खाचा दिल्या: तारेनं चाचपणाऱ्याला वाटावं लिव्हर जागेवर बसला, आणि नेमका तिथेच तो अडकून पडावा. किल्लीच्या भोकावर एक सरकतं झाकण बसवलं; ते दाबून धरायला दुसरा हात लागेल, आणि जाळीतून दुसरा हात तिथवर पोचणार नाही. अप्पा आधी कुठे चाचपतील, चिडले की काय करतील, त्यांचा अंगठा कुठे दमतो, हे सगळं तिला पाठ होतं. त्या एकेका सवयीला तिनं वाट बंद केली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत ती खूश होती. गिऱ्हाईक नसलं की कानस घेऊन बसायची, स्वतःशी गुणगुणायची. आजवर तिनं अप्पांच्या शेजारी बसून काम केलं होतं. आता पहिल्यांदाच त्यांच्या समोर बसून, पटावर बसावं तसं, ती डाव मांडत होती. हे कुलूप कशासाठी आहे याचा तिला मधूनमधून चक्क विसर पडायचा.

ते लावून ती गेली त्या दिवशी फोन आला नाही. दुपार झाली, तरी नाही. तिनं दोनदा स्वतःच काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "दाराशीच बसलेत. शांत आहेत हो." किल्लीताईनं कित्येक दिवसांनी डबा शेवटपर्यंत खाल्ला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अप्पा जाळीपाशी स्टुलावर बसले होते. सकाळचं ताट झाकलेलं तसंच होतं. ते दिवसभर तिथून हललेच नव्हते. कपडे ओले झाले होते आणि स्टुलाखाली ओघळ वाळला होता. जाळीच्या पट्ट्यांना घासून घासून उजव्या हाताची बोटं सोलवटली होती. फरशीवर वाकलेल्या तारा एका ओळीत नीट ठेवल्या होत्या, हत्यारं ठेवतात तशा. पण डोळे! इतके चमकणारे डोळे तिनं वर्षात बघितले नव्हते.

ती कुलूप उघडत असताना त्यांनी तिच्या हातांकडे निरखून बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. ओळख काही लागली नाही.

"हे कुलूप कुणी केलंय, तुम्हाला माहीत आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"का?"

"चांगलं केलंय."

किल्लीताई उंबऱ्यातच थांबली. अप्पा उत्साहानं बोलत होते, "खोट्या खाचा आहेत आतमध्ये. दोनदा मला वाटलं, झालं, आणि दोनदा फसलो. हात फार सफाईचा आहे. असं काम मी नाही बघितलं."

"तुमच्या मुलीनं केलं असेल," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"छे, छे!" अप्पा चक्क रागावले. "हात तिचा याच्या तोडीचा आहे, त्यात वाद नाही. माझ्यापेक्षा बरा आहे. पण आत माणूस कोंडून बाहेरून असलं कुलूप घालायचं? माझ्या मुलीच्या हातून नाही व्हायचं ते." मग त्यांनी सोललेल्या बोटांवर फुंकर मारली आणि सहज म्हणाले, "ज्यानं कुणी केलंय ना, त्याच्या घरी म्हातारं माणूस नसणार."

तिनं त्यांना न्हाणीघरात नेलं. कपडे उतरवले, कोमट पाण्यानं अंग पुसून काढलं, बोटांना मलम लावलं, मऊ करून चार घास भरवले. अप्पा प्रत्येक गोष्टीला "फार उपकार झाले तुमचे" म्हणत होते. ते झोपल्यावर ती न्हाणीघरात परत गेली, त्यांचे कपडे धुवायला. नळ मोठा सोडून, बादलीवर वाकून ती रडली. जन्मभर ज्या शब्दाची वाट बघितली तो मिळाला होता, आणि तो घेऊन कुठे जावं ते तिला कळत नव्हतं.

ते कुलूप तिनं पुन्हा लावलं नाही. फेकलंही नाही, अप्पांनी चांगलं म्हटलेली तेवढी एकच वस्तू होती, ती कशी फेकणार? तिनं टपरी आवरली. यंत्र हातगाडीवर घालून घरी आणलं आणि जाळीच्या दाराशी आतून मांडलं. आता दाराला आतून साधं कुलूप, त्याला लागून ती, आणि तिच्यामागे अप्पा. गिऱ्हाईक जाळीतून किल्ली आत सरकवायचं आणि बाहेर थांबायचं. "तुरुंगात भेटीला आल्यासारखं वाटतं, ताई," असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "मग येताना फळं आणत चला." पण गल्लीच्या टोकाशी किल्ली करायला येणार कोण? खरी कमाई असायची ती लोकांच्या दारी जाऊन कुलपं उघडण्यात, आणि ते तर बंदच झालं. चौकातल्या जागेत दुसरा किल्लीवाला येऊन बसला. भाऊ फोनवर म्हणाला, "तू स्वतःचं आयुष्य फुकट घालवते आहेस." ती म्हणाली, "माझंच आहे ना?" आणि फोन ठेवला. मनातून तिला त्याचं म्हणणं चूक वाटलं नव्हतं, म्हणूनच ती एवढी तडकली.

अप्पांच्या हातांना काम हवं म्हणून ती त्यांना एक कुलूप आणि तार द्यायची. ते उघडायचे, कडी टक्कन वर यायची आणि ते तिच्याकडे बघायचे. ती म्हणायची, "वा!" पुन्हा बंद करून द्यायची. काही दिवसांनी त्यांना वेळ लागायला लागला. ते कंटाळून कुलूप बाजूला ठेवायचे आणि तोंड बारीक करून बसायचे. तेव्हा किल्लीताईनं ते खोललं आणि आतला एक लिव्हर काढून टाकला. मग पुन्हा उघडायला लागलं. पुन्हा अडलं की ती आणखी एक काढायची. त्यांना कळू नये म्हणून वजनाला आत शिशाचा तुकडा घालायची. खोट्या खाचा कापताना जेवढा जीव लावला होता, त्याहून जास्त जीव लावून ती ते कुलूप सोपं करत गेली. शेवटी त्याच्या आत काहीच उरलं नाही. नुसती कडी ओढली तरी निघेल असं ते झालं. अप्पा ते मांडीवर घेऊन बसायचे, तार भोकात घालायचे आणि तार तशीच धरून कुठेतरी बघत राहायचे. कडी ओढायची असते, हे त्यांची बोटं विसरली होती.

आता ते घराबाहेर पडणार नव्हते. सेक्रेटरींची भीती संपली, पोलिसाची संपली. काकू म्हणाल्या, "सुटलीस बाई एका कटकटीतून." एवढे दिवस किल्लीताईची धडपड त्यांनी बाहेर पडू नये म्हणूनच चालली होती, आणि आता त्यांनी एकदा तरी उठून आपल्याला हूल देऊन पळावं, आपण चप्पल न घालता गल्लीभर शोधत सुटावं, असं तिला इतकं वाटायचं की छातीत दुखायचं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती बाक ओढून जाळीशी किल्ली घासत बसली होती. अप्पा भिंत धरत धरत आले आणि बाकाच्या टोकाला टेकले. बराच वेळ कानशीचा आवाज ऐकत राहिले. मग त्यांनी तिच्या हातातली अर्धी झालेली किल्ली घेतली, उलटसुलट करून बघितली आणि ही कशाला असते ते न कळून परत तिच्या हातात दिली. जाळीकडे बघून ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्हालाही कोंडलंय का?"

तिनं कानस खाली ठेवली. "हो," ती म्हणाली.

"घाबरू नका." त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता. "माझी मुलगी येईल. तिच्यापुढे कुठलंच कुलूप टिकत नाही. ती आली की आपल्या दोघांनाही सोडवेल."

"कधी येते ती?"

अप्पांनी गल्लीकडे मान वळवली. विचार करताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कामावर गेली असेल. पण येते. न येता राहायची नाही."

"मग थांबू या आपण," किल्लीताई म्हणाली.

अप्पा सरकले. बाकावर तिच्यासाठी आणखी थोडी जागा केली, आणि दोघंही गल्लीकडे बघत बसली.